घाई एकाची, जीव दुसऱ्याचा

तेरणाकाठचे तेर हे धाराशिव जिल्ह्यातील गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर म्हणून तगरची नोंद आहे. येथील साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ताही नसलेल्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत नेली जाई, असेही त्यात नमूद आहे. मालाचा प्रकार त्या लेखकाने लिहिला, वाटेचे दिवस लिहिले. त्या आडवाटेने गाडी हाकणाऱ्या माणसाविषयी मात्र एक अक्षर लिहिले नाही. व्यापाराच्या वहीत मालाला रकाना असतो, माल वाहणाऱ्याला नसतो.

दोन हजार वर्षांत ही वही पुष्कळ सुधारली, परंतु तिचा मूळ स्वभाव पालटला असे म्हणवत नाही. व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात तर ती एका विचित्र टप्प्याला येऊन ठेपली आहे. तेथे माल आणि माल वाहणारा हे दोन वेगळे उरलेलेच नाहीत. खेळाडूचा देह हाच माल आहे. त्या देहाची किंमत ठरते, लिलाव होतो, हप्ते पाडले जातात, कागदांवर सह्या होतात. पण तो देह एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांत पुष्कळदा सापडत नाही. खाजगी लहान विमानांतून होणारा खेळाडूंचा प्रवास आणि त्यातले अपघात यांच्याकडे पाहताना हा प्रश्न आधी ध्यानात घेतला पाहिजे. नाहीतर प्रत्येक अपघात म्हणजे नियतीचा घाला ठरतो आणि दोन दिवसांच्या शोकानंतर विसरला जातो.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नांत येथून ब्रिटनमधील कार्डिफकडे निघालेले एक लहान विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात एमिलियानो साला हा अठ्ठावीस वर्षांचा अर्जेंटिनी फुटबॉलपटू होता. नांतच्या क्लबाने त्याला कार्डिफच्या क्लबाला १ कोटी ७० लाख युरोंना विकून दोनच दिवस झाले होते. जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घेण्यासाठी तो नांतला परतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या क्लबाच्या सरावाला हजर राहणे आवश्यक होते. मधल्या रात्रीत त्याला पोहोचवायचे कसे, याची जुळवाजुळव क्लबाने केली नाही; ती सौद्यातील दलालांच्या ओळखीपाळखीतून झाली. १९८४ साली बांधलेले एका इंजिनाचे विमान मिळाले आणि वैमानिकही मिळाला.

हा वैमानिक एरवी गॅसची उपकरणे बसवण्याचे काम करीत असे. भाडे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना त्याच्याजवळ नव्हता आणि रात्री उड्डाण करण्याची पात्रताही त्याच्याजवळ नव्हती. विमानही भाड्याच्या वाहतुकीसाठी मान्यताप्राप्त नव्हते. या वैमानिकाला पुन्हा विमान देऊ नये, असे विमानाच्या मालकिणीने पूर्वीच बजावले होते, ही गोष्ट पुढे न्यायालयात उघड झाली. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण विभागाने २०२० साली जो अहवाल दिला, त्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. इंजिनाच्या धुराड्यातून निसटलेला कार्बन मोनॉक्साइड वायू विमानाच्या आत शिरला असावा. सालाच्या रक्तात त्याचे प्रमाण मूर्च्छा येण्याइतके, किंबहुना प्राण जाण्याइतके होते. आणि त्या विषाने बहुधा वैमानिकाचीही शक्ती क्षीण झालेली असताना, काळोख्या ढगाळ हवेत विमानावरील ताबा सुटून ते हवेतच मोडले. हा वायू आत आल्याबरोबर गजर करणारे उपकरण थोडक्या किमतीत मिळते. ते त्या विमानात नव्हते.

सालाचा देह समुद्रतळाशी विमानाच्या सांगाड्यात सापडला. वैमानिकाचा कधीच सापडला नाही. विमानाची जुळवाजुळव करणाऱ्या गृहस्थाला नोव्हेंबर २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. इकडे दोन्ही क्लबांमध्ये वाद पेटला तो पैशाचा. मेलेल्या खेळाडूचे पैसे खरेदीदाराने द्यावेत की नाहीत? जागतिक फुटबॉल महासंघाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला की, ६० लाख युरोंचा पहिला हप्ता कार्डिफने दिलाच पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये लोझान येथील क्रीडा लवादानेही तोच निर्णय कायम केला. सौदा किती वाजता पुरा झाला, मालकी कोणत्या क्षणी पालटली, यांवर कायदेपंडितांनी वर्षानुवर्षे खल केला. एवढी काटेकोर बुद्धी त्या रात्रीच्या विमानाचा परवाना पाहण्यासाठी कोणी दहा मिनिटे खर्च केली असती, तर दोन माणसे जगली असती. या एका प्रकरणात आजच्या क्रीडाव्यवसायाचे सारे अर्थशास्त्र उघडे पडते.

हा अपवाद होता असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी मोटार शर्यतींचा माजी जगज्जेता ग्रॅहॅम हिल फ्रान्समधील सराव आटोपून स्वतःचे लहान विमान स्वतः चालवीत लंडनला परतत होता. धुक्यात विमान एका गोल्फच्या मैदानावर कोसळले आणि सहाजण ठार झाले. त्या सहांत तरुण शर्यतपटू टोनी ब्राइस होता, संघाचा व्यवस्थापक होता, गाडीचा आराखडा करणारा होता आणि दोन यंत्रकारागीर होते. विमानाची नोंदणी रीतसर नव्हती, हिलची यंत्रांच्या साहाय्याने उड्डाण करण्याची पात्रता मुदत संपलेली होती; त्यामुळे विमाही निकामी ठरला. मृतांच्या कुटुंबीयांना भरपाईसाठी हिलच्या इस्टेटीवर दावे लावावे लागले. धन्याच्या विमानात बसणाऱ्या कारागिराने धन्याकडे परवाना मागायचा असतो, हे त्याला कोण शिकवणार? आणि मागितला, तर नोकरी राहील याची हमी कोण देणार?

२ ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेतील बेसबॉलपटू थर्मन मन्सन असाच गेला. विश्रांतीच्या दिवशी घरी बायकामुलांत पोहोचता यावे म्हणून त्याने विमान चालवणे शिकून घेतले होते, आणि नुकतेच एक वेगवान जेट विकत घेतले होते. गावच्या विमानतळावर उतरण्याचा सराव करताना ते धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. त्याच्या हेतूत गैर काहीच नव्हते. वर्षातले कित्येक महिने सामन्यांसाठी देशभर फिरवणाऱ्या वेळापत्रकातून घरासाठी एक दिवस काढण्याची ती धडपड होती. वेळापत्रक आखणारे आणि त्या वेळापत्रकाची जोखीम उचलणारे वेगवेगळे असले म्हणजे काय होते, याचेच हे उदाहरण.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचे हेलिकॉप्टर टेकडीवर आदळले. तो, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि इतर सात अशी नऊ माणसे गेली. मुलींच्या सामन्याला ती निघाली होती. त्या कंपनीला केवळ डोळ्यांनी दिसेल एवढ्याच हवेत उड्डाण करण्याची अनुमती होती. वैमानिक ढगात शिरला आणि दिशेचे भान हरपून बसला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ साली काढलेल्या निष्कर्षांत एक शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे: वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलेले दडपण. कोणी त्याला ‘चल’ म्हणून दरडावल्याचा पुरावा मिळाला नाही. परंतु मोठ्या गिऱ्हाइकाला वेळेवर पोहोचवले पाहिजे, ही जाणीवच त्याच्या मनात मुकादमासारखी बसलेली होती. श्रमिक चळवळीत काम केलेल्यांना हा मुकादम चांगला परिचित आहे. गिरणीतल्या बदली कामगाराच्या मनात तो असतो, ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याच्या मनात असतो. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कागदावर असून भागत नाही. ‘नाही’ म्हटल्यानंतर उद्याची भाकर शाबूत राहील, असा भरवसा पाठीशी असावा लागतो.

विमान भाड्याने घेतले आणि ते आकाराने मोठे असले म्हणजे धोका टळतो, असेही नाही. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्राझीलच्या शापेकोएन्से या फुटबॉल संघाचे भाड्याचे विमान कोलंबियात मेडेलिनजवळ कोसळून ७१ जण ठार झाले. कारण ऐकले तर विश्वास बसू नये: विमानातले इंधन संपले. पैशाच्या ओढाताणीत चाललेल्या एका छोट्या कंपनीने वाटेत इंधनासाठी थांबण्याचे टाळले होते. नंतर विम्याचा कागद उघडला, तेव्हा कोलंबियातील उड्डाणे त्या विम्याच्या कक्षेत येत नसल्याचे निघाले. मृतांच्या कुटुंबीयांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

या सर्व प्रकरणांतून एकच सूत्र निघते. यंत्र निकामी झाले, हवा बिघडली, माणूस चुकला ही शेवटची कारणे झाली. मूळ कारण असे की, घाई ज्याच्या लाभाची होती, तो विमानात नव्हता किंवा विमानाविषयी जबाबदार नव्हता. आणि जो विमानात होता, त्याच्यापाशी विमान तपासण्याचे ज्ञान नव्हते आणि नकार देण्याचे बळही नव्हते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर लाभ एकाच्या खाती जमा होतो आणि जोखीम दुसऱ्याच्या खाती नावे पडते. जोखमीचा खर्च ज्याला सोसावा लागत नाही, तो ती कमी करण्यासाठी खर्च का करील? बाजार अशा ठिकाणी आपोआप शहाणा होत नाही. उलट परवाना, दुसरा वैमानिक, वेळच्या वेळी देखभाल, विमा हे सारे टाळणारा मनुष्य स्वस्तात विमान देऊ शकतो, आणि नियम पाळणारा धंद्यातून बाद होतो.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेत खाजगी व लहान विमानांच्या वाहतुकीत उड्डाणाच्या दर एक लाख तासांमागे सुमारे एक प्राणघातक अपघात होतो, असा अलीकडच्या वर्षांचा अनुभव आहे. त्याच देशात फेब्रुवारी २००९ पासून पुढे जवळजवळ सोळा वर्षे नियमित कंपनीचे प्रवासी विमान कोसळून मोठी जीवितहानी झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ ती मालिका खंडित झाली. लष्करी हेलिकॉप्टरशी झालेल्या त्या टकरीत ६७ जण गेले आणि त्यांत बर्फावरील स्केटिंगचे कितीतरी उमलते खेळाडू होते. जून २०२५ मधील अहमदाबादची दुर्घटना तर आपल्या डोळ्यांपुढची आहे. तेव्हा नियमित सेवा म्हणजे अभयदान, असा भ्रम कोणी बाळगू नये. परंतु नियमित सेवेत दोन वैमानिक असतात, कामाच्या तासांना मर्यादा असते, प्रत्येक दुरुस्तीची नोंद असते, उड्डाणाची माहिती टिपणारी पेटी असते. आणि वैमानिकांची संघटना असते. सालाच्या विमानात अशी पेटीसुद्धा नव्हती. विमान मोठे असल्यामुळे नियमित सेवा अधिक सुरक्षित झाली असे नव्हे. तिच्यामागे सार्वजनिक नियंत्रण उभे राहिले म्हणून ती सुरक्षित झाली.

या नियंत्रणाचा इतिहास कामगार चळवळीला परका नाही. भारतीय रेल्वेत इंजिनचालकांच्या कामाचे तास दहावर आणण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले ते १९७३ च्या लोको कर्मचाऱ्यांच्या संपानंतर. आणि १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ऐतिहासिक संपात कामाच्या तासांचा प्रश्न अग्रभागी होता. झोपेने डोळे जड झालेला चालक हा गाडीतील हजार उतारूंना धोका आहे, हे मालकाच्या आधी कामगाराने सांगितले. सुरक्षितता ही वरून मिळालेली देणगी नसून खालून मिळवलेला हक्क आहे.

आपल्याकडेही लहान विमानांचा इतिहास काही निर्धास्त करणारा नाही. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद भूषविलेले माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ अशाच एका लहान विमानाच्या अपघातात गेले. सभेची वेळ ठरलेली होती, हवा वादळी होती. त्यांच्यासोबत बातमीसाठी निघालेले पत्रकार आणि विमानाचे कर्मचारीही गेले; त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? २८ जून २०१८ रोजी ऐन पावसात चाचणी-उड्डाणासाठी जुहूहून निघालेले एक लहान विमान मुंबईत घाटकोपरच्या भर वस्तीत पडले. दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ मेले. शिवाय रस्त्याने जाणारा एक माणूस मेला, ज्याने आयुष्यात विमानाचे तिकीट काढले असेल की नाही कोणास ठाऊक. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक भाड्याचे जेट मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवरून घसरले. आतले आठही जण वाचले, हे सुदैव. श्रीमंताच्या विमानाचा अपघात हा केवळ श्रीमंताचा अपघात नसतो, हे यावरून दिसून येते.

येथे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त आहे, की मराठवाड्यातल्या पक्षकार्यकर्त्याने कोट्यधीश खेळाडूंच्या विमानांची चिंता का वाहावी? दुष्काळ, पीकविमा, रोजगार हमीची मजुरी हे प्रश्न काय थोडे आहेत?

याचे पहिले उत्तर असे की, व्यावसायिक खेळ आता तेरपासून फार दूर राहिलेला नाही. धाराशिव जिल्ह्याच्या मातीत खो-खो रुजला आहे. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१४ पासून कबड्डीची आणि २०२२ पासून खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली. खेळाडूंची बोली लागू लागली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज खेळाकडे केवळ हौस म्हणून पाहत नाही, पोटापाण्याचा मार्ग म्हणून पाहते. या मार्गाचे आयुष्य जेमतेम दहा वर्षांचे असते. गुडघा गेला की रोजगार गेला. असा अल्पायुषी रोजगार असलेला माणूस मालकाने पुढे केलेल्या वाहनात बसतो. मग ते विमान असो की जीप.

आणि जीपचाच विचार अधिक केला पाहिजे, कारण आपल्या बहुसंख्य खेळाडूंचे ‘खाजगी विमान’ तेच आहे. ७ जानेवारी २०१८ च्या पहाटे दिल्लीच्या सिंधू सीमेजवळ धुक्यात झालेल्या मोटार अपघाताने शक्ती-उत्तोलनातील पाच तरुण खेळाडूंचा बळी घेतला. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात सामन्यासाठी निघालेले राष्ट्रीय पातळीवरचे चार हॉकीपटू मोटारीत ठार झाले. १७ एप्रिल २०२२ रोजी राष्ट्रीय स्पर्धेसाठी गुवाहाटीहून शिलाँगला निघालेला अठरा वर्षांचा टेबल टेनिसपटू वाटेतच गेला. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी आकडेवारी सांगते. रात्रभर प्रवास करून सकाळी मैदानात उतरायचे, सामना संपला की पुन्हा रात्रीच परतायचे, मुक्कामाचा खर्च वाचवायचा, आणि चालक म्हणून संघातलाच कोणीतरी किंवा दिवसभर दुसरे भाडे मारून आलेला माणूस घ्यायचा, हा जिल्हा पातळीवरचा शिरस्ता. सालाच्या विमानाची कथा आणि या जीपची कथा एकच आहे. फरक केवळ उंचीचा आहे.

दुसरे उत्तर असे की, लहान विमानांची धावपट्टी आपल्या शिवारापर्यंत आलेली आहे. २००९ साली महाराष्ट्र शासनाने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव या पाच ठिकाणच्या विमानतळांचा कारभार एका खाजगी उद्योगसमूहाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. विकासाची पुष्कळ स्वप्ने तेव्हा रंगवली गेली. नांदेड वगळता अन्यत्र नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. ज्या धावपट्टीवर एस.टी.सारखी सर्वांची सेवा उतरत नाही, तिचा उपयोग पुढाऱ्यांच्या, उद्योगपतींच्या आणि उद्घाटनाला आणलेल्या नामवंत खेळाडूंच्या लहान विमानांपुरता उरतो. सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक देखरेख नसावी, हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही घातक आहे आणि नीतीच्या दृष्टीनेही.

समाजवादी माणूस यंत्राचा वैरी नाही. खेळाडूला लवकर पोहोचता यावे, त्याच्या शरीराला विश्रांती मिळावी, यासाठी विमान वापरले तर त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. प्रश्न त्या विमानामागच्या जबाबदारीचा आहे. आणि ती ठरवून घेण्यासाठी काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी अशी की, खेळाडूचा करार झाला त्या क्षणापासून खेळासाठी, सरावासाठी, बदलीसाठी किंवा जाहिरातीसाठी होणारा त्याचा प्रत्येक प्रवास हा कामावरील प्रवास मानला जावा आणि त्याची जबाबदारी संघमालकावर असावी. दलालाने विमान आणले, मित्राने मोटार दिली, ही सबब चालू नये. दुसरी अशी की, आपल्या देशात खाजगी नोंदणीचे विमान भाड्याने चालवता येत नाही, हा नियम आहे. त्याची अंमलबजावणी कागदावर न राहता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती प्रत्यक्ष तपासावी, आणि विमानाचा वाहतूक परवाना, वैमानिकांची पात्रता व विम्याचा दाखला उड्डाणापूर्वी खेळाडूच्या हाती द्यावा. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलात आला आहे; नवा कायदा जुन्याच ढिलाईने राबवला जाणार असेल, तर नाव पालटून काय साधले? तिसरी अशी की, खेळाडूंच्या संघाला एका इंजिनाच्या किंवा एकाच वैमानिकाच्या विमानाने नेण्यास लीगने मनाई करावी.

चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. हवा, वाहन किंवा चालक यांविषयी शंका वाटल्यास प्रवास नाकारण्याचा हक्क खेळाडूला आणि त्याहून आधी वैमानिकाला व चालकाला असावा, आणि त्यापायी दंड, वगळणूक किंवा नोकरीवर गदा येऊ नये. पाचवी अशी की, विमा उतरवायचा तो वाहनातील सर्वांचा, सारख्या रकमेचा. नावाजलेल्या खेळाडूच्या जीवाला एक भाव आणि त्याचे अंग चोळणाऱ्याच्या जीवाला दुसरा, ही विषमता निदान मृत्यूनंतर तरी थांबावी. आणि सहावी अशी की, हेच नियम जिल्हा संघटनांच्या कबड्डी-खो-खो संघांनाही लागू व्हावेत. रात्री उशिराचा प्रवास बंद, क्षमतेपेक्षा अधिक माणसे कोंबणे बंद, एस.टी.ची गाडी सवलतीने उपलब्ध, मुक्कामाचा खर्च स्पर्धेच्या अंदाजपत्रकातच. हा पैसा कोठून आणायचा, असे विचारणाऱ्यांनी सत्कारसमारंभांच्या मांडवाचा खर्च एकदा तपासून पाहावा.

या मागण्या कोण पुढे नेणार? क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळातदेखील २०१९ साली स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना ही निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानावर घाम गाळणारा खेळाडू मंडळापुढे एकटाच उभा असतो. मग गावच्या कबड्डीपटूची काय कथा? कामगार संघटनांनी आणि पक्षाच्या युवक शाखेने येथे हात घातला पाहिजे. खेळाडू हा कामगार आहे, ही गोष्ट त्याला स्वतःला पटवून देण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण टाळ्यांच्या गजरात ती त्याला बहुधा ऐकू येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी खेळाडूंची बैठक घेणे, संघाच्या प्रवासाची चौकशी करणे, चालकाने किती तास झोप घेतली हे विचारणे, एवढ्या लहान कामांतूनही संघटना उभी राहू शकते.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात बसलेल्या एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे आहे, हे त्यांनी पारखले, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या मेळ्यात सर्वांत नावाजलेले होते ते नामदेव. आणि कच्चे ठरले तेही नामदेवच. नाव मोठे म्हणून थापटणे थांबले नाही. कुंभाराची ही रीत सोपी आहे: पाणी भरण्याआधी मडके तपासायचे, फुटल्यावर नव्हे, आणि तपासताना ते कोणाच्या घरचे आहे हे पाहायचे नाही. नांतच्या धावपट्टीवर त्या रात्री थापटणे हाती घेणारा कोणी नव्हता. तेरच्या मैदानावरून उद्या सामन्याला निघणाऱ्या मुलांच्या गाडीपाशी तरी कोणीतरी ते घेऊन उभे असले पाहिजे.